मिस्त्रीची टोपी

जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत येऊन कुणी सुताराचं दुकान विचारलं, तर लोक म्हणतात, ‘ती तापट बाई ना? सरळ जा, करवतीचा आवाज येईल. करवतीचा नाही आला तर तिचा येईल.’ म्हणोत बापडे. मी तापट आहेच. पण आईच्या पोटातून कुणी राग घेऊन येत नाही. माझ्या रागाच्या मुळाशी एक टोपी आहे. पांढरी, साधी, कापडाच्या दुकानात गठ्ठ्याने मिळते तसली.

आमच्याकडे रीत आहे. घर बांधून झालं किंवा दुकान उघडलं, की पूजेच्या दिवशी मालक कारागिराला पाटावर बसवतो. हातात नारळ देतो, खांद्यावर टॉवेल टाकतो आणि चार लोकांसमोर त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतो. मजुरीशी याचा संबंध नाही. हे काम याच्या हातचं आहे, बघून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. जमलेल्यांपैकी ज्याला पुढे काम करून घ्यायचं असतं तो टोपीवाल्याकडे वळतो. सुताराची पदवी म्हणा, पाटी म्हणा, ती एवढीच.

माझ्या वडिलांना मी आबा म्हणायची. ते मूळचे हसनाबादचे. गावात तिफणी, वखरं आणि गाडीची चाकं करायचे. लोखंडी अवजारं आली तसं ते काम आटलं आणि ते जालन्याला येऊन दारं, कपाटं, दिवाण करू लागले. दुकानात त्यांच्या जोडीला चाचा होते. चाचांच्या घरी उर्दू, दुकानात आमची मराठी, आणि करवत अडली की दोन्हीत शिव्या. मी शाळेतून आले की दप्तर टाकून तिथंच बसायची. पटाशीला धार लावायला मी लिहायच्या आधी शिकले असेन. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, त्यामुळे वस्तू कागदावर मापात उतरवता यायला लागली. आबांना आणि चाचांना ते येत नव्हतं. त्यांच्या डोक्यात सगळं तयार असायचं, पण गिऱ्हाईकाला डोकं उघडून दाखवता येत नाही.

आणि मग एका सकाळी आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं काठीवर आलं, पण रंधा धरणारा हात मांडीवर निपचित पडून राहिला. दुकान बंद पडलं नाही, कारण मी होते. लोकांना आबा सांगायचे, “पोरगा न्हाई मला, म्हणून पोरीला हाताशी घेतलं.” प्रत्येक वेळी मला चीड यायची. पोरगा नव्हता म्हणून नाही हो आबा. मला येत होतं म्हणून.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या निघत होत्या. कालपर्यंत शेतीवाडी सांभाळणाऱ्या घरांतली मुलं साहेब होऊ लागली होती. तसाच एक साहेब आमच्या दुकानात आला. माझ्याच वयाचा, पुण्यात शिकून आलेला. शहराबाहेर कंपनीची नवी इमारत उभी राहिली होती आणि त्याला स्वतःची केबिन हवी होती. टेबल, मागचं कपाट, भिंतीला लाकडी पॅनेल, पाहुण्यांसाठी सोफा, सगळं सागवानात.

आबा दाराशी स्टुलावर बसलेले. मी आत लाकडावर रेघ मारत होते. साहेबाने विचारलं, “मिस्त्री, साग कुठला वापरणार?” मी सांगितलं. त्याने ऐकलं आणि आबांकडे बघून मान डोलावली. “पॉलिश कसलं?” मी सांगितलं. पुन्हा आबांकडे बघून मान. असं सगळं बोलणं झालं. प्रश्न आबांना, उत्तर माझं, आणि पसंतीची मान पुन्हा आबांना. जणू मी भिंतीतला रेडिओ. तो गेल्यावर मी हातातला काटकोन मापायचा गुण्या आपटला.

चाचा म्हणाले, “गुस्सा थूक दे बेटी. काम बडा है.”

काम मोठं होतं हे खरं. आतापर्यंत आम्ही कुणाच्या घरातलं काहीबाही करत आलो होतो. अख्खी केबिन पहिल्यांदाच. ही नीट झाली असती तर दुकानात येणारा माणूस आबांच्या लुळ्या हाताकडे बघून परत फिरला नसता. तो माझ्याकडे आला असता. मला तेवढंच हवं होतं.

साहेबाने परदेशी मासिकातून फाडलेलं एक चित्र दिलं होतं. आरशासारखं चकचकीत टेबल, त्यावर एक पेन आणि एक फूल. माप घ्यायला मी त्याच्या जुन्या ऑफिसात गेले, कारण माणूस बसतो कसा, हात किती लांब टाकतो, हे चित्रात कळत नाही. मी टेप धरून कोपऱ्यात उभी होते तेव्हा घनसावंगीकडचा एक शेतकरी आला. कंपनीसाठी बियाणं पिकवणारा. त्याने उपरण्याची गाठ सोडली आणि नमुना म्हणून बाजरी टेबलावर ओतली. बाजरीच ती. फोनखाली गेली, फायलीत गेली, साहेबाच्या मांडीवर गेली. साहेब कपाळाला आठ्या घालून शर्ट झटकत राहिला आणि तो म्हातारा माणूस खाली गुडघ्यावर बसून फरशीवरून दाणे वेचायला लागला. “राहू द्या हो,” साहेब म्हणाला. तो म्हणाला, “राहू कसं द्यायचं साहेब, बी हाय ते.”

मासिकातल्या टेबलावर जन्मात कुणी बाजरी ओतली नसेल. मी घरी येऊन नकाशा काढला. वरून सगळं साहेबाला हवं तसं गुळगुळीत. पण पाहुणा ज्या बाजूला बसतो त्या बाजूने एक उथळ, पसरट खण. ओढला की सुपासारखा बाहेर येणारा, चारी बाजूंनी काठ असलेला. तळाला काळा सनमायका, म्हणजे दाणा उठून दिसेल. आत ढकलला की कुठं खण आहे याचा पत्ता लागू नये.

साहेबाने नकाशा पाहिला आणि त्या खणावर बोट ठेवलं. “हे काय? टेबलाला समोरून खण? लोक हसतील. मिस्त्री, हे काढून टाका.”

हे शेवटचं वाक्य अर्थात आबांना. आबा म्हणाले, “काढतो साहेब.”

मी काढला नाही. साहेबाला कळलं असतं तर काम हातचं गेलं असतं, हे माहीत होतं. आबा चिडले, “मालक न्हाई म्हनला ना? मंग कशाला नसती उठाठेव?” मी म्हणाले, “दिसणारच नाही त्याला.” चाचा माझ्या बाजूने होते. खणाच्या काठाचे कोपरे त्यांनी एकही खिळा न मारता असे जोडले की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. वरच्या फळीच्या शिरा मी जुळवल्या. साग विकत घेताना एकाच खोडाच्या फळ्या मागून घेतल्या होत्या, त्यामुळे टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाकडाची रेघ नदीसारखी सलग गेली. लाखेचं पॉलिश मी स्वतः केलं. चिंधीचा बोळा घेऊन, हाताला रग लागेपर्यंत. त्या वेळी इतर कशावर प्रेम केलं असेन तर आठवत नाही, पण त्या टेबलावर केलं.

टेबल दारातून जाणारं नव्हतं, म्हणून सुटे भाग टेम्पोने नेऊन तिथंच जोडायचं ठरलं. नेमकं त्या सकाळी मला पाळी आली. पोट दुखत होतं, पण काम थांबवायचा प्रश्नच नव्हता. आम्ही केबिनमध्ये भाग उतरवत होतो तर साहेबाची आई आली. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. त्यांच्या मागे एक नोकर, हातात हळद-कुंकवाचं ताट. टेबल म्हणजे लक्ष्मीची जागा. जोडून झालं की त्या वरच्या फळीला हळद-कुंकू लावणार होत्या.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग सगळ्यांसमोर विचारलं, “पोरी, अडचण-बिडचण न्हाई ना तुला? लक्ष्मीचं काम हाय म्हणून इचारलं. असली तर बाहीर बस. बाप्ये करतील.”

चाचा भिंतीकडे बघायला लागले. नोकर हसू दाबत होता. माझे कान असे तापले की सांगता सोय नाही. चाचांना कुणी विचारलं का, तुमचं मन आज शुद्ध आहे का? नोकराला विचारलं का, हात धुतलेस का? लाकूड मी निवडलं, रेघा मी जुळवल्या, महिनोन् महिने त्या फळीवर माझा घाम गळला, आणि आता मी बाहेर पायरीवर बसायचं आणि बाप्ये करणार!

“नाही,” मी म्हणाले. “काही अडचण नाही.”

आणि मी ते टेबल बसवलं. भिंत गुण्यात नव्हती, फरशीला उतार होता. पायाखाली पाचर मारून, पाणसळ लावून एक एक कोपरा समपातळीत आणला. वरची फळी दोन्ही हातांनी पेलून जागेवर टेकवली. मोठ्या बाईंनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं. मला पाप वगैरे काही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

उद्घाटनाच्या सकाळी आबांना स्वच्छ धोतर नेसवलं, रिक्षात बसवलं. वाटेत मी म्हणाले, “आबा, आज टोपी देतील. तुम्ही फक्त एक सांगा. काम पोरीनं केलंय म्हणा.”

“सांगतो की,” आबा म्हणाले. “बिलकुल सांगतो. खोटं कशाला बोलायचं?”

पूजा झाली. केबिन माणसांनी भरली. कंपनीचे व्यापारी, नातेवाईक, कुणी पुढारी. बायका दाराबाहेरच्या जागेत, सतरंजीवर. मलाही तिथंच बसवलं. हळद-कुंकू लावलं, हातात एक ब्लाऊज पीस दिला, पोपटी रंगाचा. तेवढ्यात आतून गलका ऐकू आला. एका व्यापाऱ्याचा हात टेबलाखाली गेला होता आणि खण बाहेर आला होता. मी उठून दारात गेले. त्याने खिशातून सरकीचे दाणे काढले, खणात टाकले, काळ्यावर ते उठून दिसले तसा तो खूश झाला. “वा! अक्कल लावलीय. एक दाणा खाली जात न्हाई. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

साहेबाने तो खण जन्मात पहिल्यांदा बघितला होता. क्षणभर गडबडला, मग हसला. “आमचे मिस्त्री,” तो म्हणाला. “जुना माणूस. मीच त्यांना म्हटलं होतं, काहीतरी नवं करा.”

आयत्या पिठावर रेघोट्या मारणारे पुष्कळ पाहिले, पण हा तर पीठही आपलंच म्हणत होता. मी आबांकडे बघितलं. ते पाटावर बसले होते. साहेबाने नारळ दिला. तो त्यांनी डाव्या हाताने घेतला. टॉवेल खांद्यावर आला. साहेबाने टोपी उचलली. आता बोलतील, मला वाटलं. आता. आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. आणि मान खाली घातली, टोपी नीट बसावी म्हणून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. या टेबलावर हळद-कुंकू वाहिलं ना, ते बसवताना मला अडचण होती. एवढं म्हणायचा अवकाश, अख्खी खोली हादरली असती. साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. गोमूत्र आलं असतं, भटजी आले असते. पण त्याच्या आधी टेबल बाहेर गेलं असतं, माझं टेबल. कुणाच्या तरी गोठ्यात चारा ठेवायला, नाहीतर सरपणाला. मी ते वाक्य गिळलं. ब्लाऊज पीस तिथंच सतरंजीवर ठेवला आणि चालत घरी आले.

आबा चाचांबरोबर मागून आले. डोक्यावर टोपी तशीच. मी म्हणाले, “का नाही बोललात?”

“चार मोठी मान्सं हुती,” आबा म्हणाले. “तिथं काय सांगायचं, पोरीनं केलं म्हणून? हसले असते.”

“हसू द्यायचं होतं.”

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, लुळ्या हाताशेजारी. “तुझीच हाय ती. घे. पण तू काय घालनार हाय का?”

मी घेतली नाही. मागून मिळालेली, घरात, चार भिंतींच्या आत, कुणी बघत नसताना. ती टोपी काय कामाची?

त्या व्यापाऱ्याने पुढे आम्हाला काम दिलं. तोही दुकानात येऊन आबांशीच बोलला. मग दुसरा आला, तिसरा आला. साहेबांच्या केबिनी आम्ही कितीतरी केल्या. आबा स्टुलावर टोपी घालून बसायचे आणि सगळी जालन्याची बडी माणसं त्यांना मिस्त्री म्हणायची. ती टोपी दर आठवड्याला मी धुवायची. साबण लावून, नीळ घालून, कडक वाळवून. धुताना कधी कधी इतकी पिळायची की शिवण उसवायची. मग मीच टाके घालायची.

आबांवर माझं प्रेम नव्हतं असं नाही. रोज त्यांना आंघोळ घालायची, घास भरवायची. पण त्या दिवसाचा राग गेला नाही. ते गेले तेव्हाही नाही. लोक म्हणतात, मेल्या माणसावर राग धरू नये. का धरू नये? जिवंत असताना धरला तर म्हणतात, आजारी आहे बिचारा. मग धरायचा कधी?

आबा गेल्यानंतर काही वर्षांनी, नवं शतक लागलेलं, तोच साहेब पुन्हा दारात उभा. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. कंपनी वाढली होती, वरचा मजला चढवला होता आणि तिथं नवी, मोठी केबिन हवी होती. दाराशी आबांचं स्टूल रिकामं होतं. मी आत रंधा मारत होते. माझ्या पायाशी घोट्यापर्यंत भुसा. चाचा, आता अगदी थकलेले, कोपऱ्यात चहा पीत होते.

साहेबाने स्टुलाकडे बघितलं. हळहळ व्यक्त केली. मग इकडे तिकडे बघत म्हणाला, “आता मिस्त्री कोण आहे इथं?”

रंधा माझ्या हातात होता हो. चालता रंधा.

मी रंधा खाली ठेवला. इतकी वर्षं गिळलेलं वाक्य आपोआप वर आलं. “साहेब, त्या टेबलावर अजून लक्ष्मीपूजन करता?”

“दर दिवाळीला. आई स्वतः करते. फार बरकत आहे त्याला.”

“ते बसवलं त्या दिवशी मला अडचण होती. तुमच्या आईनं विचारलं, मी खोटं सांगितलं. तेव्हापासून तुमची लक्ष्मी त्याच्यावर बसलीय. काही बिघडलं का तिचं?”

चाचांच्या बशीतला चहा सांडला. साहेबाचा चेहरा आधी लाल, मग पांढरा पडला. मला वाटलं आता तो ओरडेल. पण तो एक पाऊल पुढे आला आणि हळूच म्हणाला, “ताई, आईला सांगू नका.”

पुण्यात शिकलेला, एवढ्या माणसांचा साहेब. आईला सांगू नका! मला हसू यायला हवं होतं, पण तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, “नवी केबिन मी करीन. पण टोपी माझ्या डोक्यावर. सगळ्यांसमोर, पाटावर बसवून. नाहीतर तुमच्या आईकडे मी स्वतः येईन.”

त्याने मान डोलावली. या वेळी माझ्याकडे बघून.

केबिन केली. पूर्वीपेक्षा चांगली केली, कारण आता नकाशावर कुणी बोट ठेवत नव्हतं. उद्घाटनाला पुन्हा तशीच गर्दी. साहेबाने माझं नाव घेतलं, पाट मांडला. मी पदर खोचून बसले. खोलीत कुजबुज सुरू झाली. मोठ्या बाई आता खूप वाकल्या होत्या, खुर्चीत बसवल्या होत्या. साहेब टोपी हातात घेऊन घुटमळला. आईकडे बघत राहिला.

त्या म्हणाल्या, “थांबला कशाला? घाल की. तिनंच तर केलंय. त्या वक्ताचं टेबल बी हिनंच बसवल्तं, म्या बघितलं न्हाई का?”

टोपी डोक्यावर आली. कुणीही हसलं नाही. टाळ्या वाजल्या, बायकांनीही वाजवल्या.

पाटावर बसल्या बसल्या मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बघितलं होतं! या बाईनं तेव्हाच बघितलं होतं. साहेबानं बघितलं होतं, नोकरानं बघितलं होतं, टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या लोकांनी मला दुकानात रंधा मारताना बघितलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुणीतरी आधी बोलायचा अवकाश होता, आणि जो बोलू शकत होता त्याने मान खाली घातली.

ती टोपी मी रोज दुकानात घालते. केसांत भुसा जात नाही. आबांची जुनी टोपी खुंटीवर आहे, तिला मी हात लावत नाही. नवं गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या डोक्याकडे बघतं, मग मला मिस्त्री म्हणतं. मला मिळायचं ते मिळालं. पण मी ते धमकावून घेतलं. आबांना ते एका वाक्यात देता आलं असतं, आणि त्यांनी दिलं असतं तर मी ती टोपी त्याच दिवशी माझ्या डोक्यावरून काढून त्यांच्याच डोक्यावर ठेवली असती.